पौरुषग्रंथीचे विरळ अर्बुद : अहवाल निर्दोष, तरीही सावध

काही वर्षांपूर्वी ६२ वर्षांचे एक गृहस्थ मूत्रप्रवृत्तीच्या तक्रारी घेऊन आमच्याकडे आले. धार बारीक, रात्री चार-पाच वेळा उठणे, पी.एस.ए.चा अहवाल मात्र निर्दोष. वाताष्ठीला समजून आम्ही गोक्षुरादि गुग्गुळ व वरुणादि क्वाथ योजिला. दोन महिन्यांत त्यांचे वजन घटले, कटिशूल बळावला. तेव्हा कोठे आम्ही गुदपरीक्षण केले. ग्रंथी दगडासारखी लागली. बायोप्सीत लघुपेशी कर्करोग निघाला. तोवर तो यकृतापर्यंत पोहोचला होता.

सुश्रुतांनी उत्तरतंत्रात मूत्राघाताच्या वर्णनात गुद व बस्ती यांमधील घन, उन्नत ग्रंथी सांगितली आहे. ती बोटानेच कळते. पहिल्याच दिवशी स्पर्शपरीक्षा न करणे हा आमचा प्रमाद होय.

पौरुषग्रंथीचे ९० टक्क्यांहून अधिक कर्करोग ग्रंथिपेशींपासून उद्भवतात व त्यांत बहुधा पी.एस.ए. वाढते. लघुपेशी कर्करोगाच्या पेशी ते फारसे निर्माणच करीत नाहीत. हा रोग स्वतंत्रपणे उद्भवतो, तसाच नेहमीच्या कर्करोगावर हार्मोनरोधक उपचार चालू असतानाही प्रकटतो. त्यावर केवळ हार्मोनरोधक औषधे पुरी पडत नाहीत. सिस्प्लॅटिन वा कार्बोप्लॅटिनसह एटोपोसाइड द्यावे लागते. मांसधातुज सार्कोमातही पी.एस.ए. निर्दोष असू शकते. त्याचा एक प्रकार बालकांत व तरुणांत आढळतो. नलिकाजन्य कर्करोग मूत्रमार्गात वाढून सरक्त मूत्रप्रवृत्ती घडवितो. म्हणून प्रकार निश्चित करण्यास बायोप्सीवाचून गत्यंतर नाही.

अशा रुग्णास कर्करोगतज्ज्ञांकडे विनाविलंब पाठवावे. पक्व गुल्मात धान्वंतरीयांचा अधिकार मान्य करण्यात चरकांना कमीपणा वाटला नाही. आपणांस का वाटावा? अग्निरक्षण, निद्रा, मलप्रवृत्ती व बलरक्षण यांत आपले साहाय्य मोलाचे आहे. मात्र ते मुख्य उपचारांस पूरक असावे, पर्याय नव्हे. आपण देत असलेल्या प्रत्येक कल्पाची नोंद तज्ज्ञांस द्यावी. गुग्गुळासारखी द्रव्ये यकृतातील औषधपचनावर परिणाम करू शकतात.

औषधविक्रेत्या बंधूंनाही विनंती, की चंद्रप्रभा वटी वारंवार नेणाऱ्या वृद्ध ग्राहकास मूत्रातून रक्त, वजनघट वा हाडांच्या वेदना आहेत काय, एवढे विचारावे. असल्यास वैद्याकडे धाडावे.

ते गृहस्थ पुढे फार काळ जगले नाहीत. ते दोन महिने लवकर तज्ज्ञांकडे गेले असते तर काय झाले असते, हे सांगता येत नाही. त्या दिवसापासून आमच्या चिकित्सालयात मूत्राच्या तक्रारीच्या प्रत्येक प्रौढ पुरुषाच्या रुग्णपत्रिकेवर गुदपरीक्षणाचा रकाना असतो, आणि तो रिकामा ठेवून आम्ही औषध लिहीत नाही.