गेमिंग माऊसची पारख: खोक्यावरचे आकडे आणि हाताचा पंजा

गेमिंग माऊसच्या खोक्यावर सर्वांत ठळक छापलेला आकडा डीपीआयचा असतो, म्हणजे माऊस एक इंच सरकला असता त्याच्या पोटातील सेन्सर हालचालीच्या किती नोंदी संगणकाकडे पाठवतो याचा. आणि तो माऊस हाताला सोयीचा आहे की नाही हे ठरवताना नेमका हाच आकडा सर्वांत कमी उपयोगी पडतो. पडदा १९२० बिंदू रुंद धरला आणि बाकीची सेटिंग मूळचीच ठेवली, तर ८०० डीपीआयवर बाण या कडेपासून त्या कडेपर्यंत नेण्यास माऊस सुमारे ६ सेंटिमीटर सरकवावा लागतो. २६,००० डीपीआयवर मात्र त्यासाठी २ मिलिमीटरही लागत नाहीत, आणि एवढ्याशा हालचालीवर ताबा ठेवणे कोणत्याही मनगटाला जमण्यासारखे नसते.

पारख सुरू व्हावी ती पंजाच्या मापापासून. मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटाच्या घडीपर्यंतची लांबी आणि अंगठा सोडून तळव्याची रुंदी, ही दोन मापे साध्या फूटपट्टीने घेता येतात. बाजारातील बहुतेक नमुने मात्र परदेशी ग्राहक डोळ्यांसमोर ठेवून घडवलेले असतात. भारतीय शरीरमापे वेगळी नोंदवण्याची गरज ओळखून देबकुमार चक्रवर्ती यांनी केलेले संकलन अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ साली प्रसिद्ध केले, हे येथे ध्यानात घ्यावे.

मापाइतकीच महत्त्वाची असते पकड. संपूर्ण तळवा माऊसच्या पाठीवर विसावला तर तिला पाम, तळव्याची मागची कड टेकवून बोटे कमानीसारखी उभी ठेवली तर क्लॉ, आणि तळवा अधांतरी ठेवून केवळ बोटांच्या टोकांनी माऊस हलवला तर फिंगरटिप पकड असे खेळाडू म्हणतात. पहिलीला लांब व फुगीर पाठ हवी, तर तिसरीला आखूड आणि हलका माऊस. लॉजिटेकचा २०२० चा जी प्रो एक्स सुपरलाइट १२५ मिलिमीटर लांब असूनही ६३ ग्रॅमांहून हलका आहे, पण लहान पंजाच्या माणसाने तो फिंगरटिप पकडीने धरला, तर वजनाचा लाभ लांबीपायी बराचसा वाया जातो. उजव्या हातासाठीच घडवलेले वक्र माऊस डावखुऱ्यांच्या कामाचे नसतात, हे वेगळे सांगायला नको.

बुलढाणा जिल्ह्यात या पारखेला हवामानाचीही बाजू आहे. घाटावरचे बुलढाणा शहर त्यातल्या त्यात थंड. परंतु घाटाखाली, मलकापूर, खामगाव, शेगावकडे मे महिन्यात पारा ४४ अंशांपलीकडे जातो तेव्हा तळहाताचा घाम हाच मुख्य प्रश्न होतो. दुकानात हाताला मखमली वाटणारा रबरी लेप घामाने आणि काळाने चिकट होत जातो. त्यापेक्षा किंचित खरखरीत साधे प्लॅस्टिक बरे, कारण ते ओल्या फडक्याने पुसता येते. शेगावच्या संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयातील जो विद्यार्थी दिवसा आराखडे काढतो आणि रात्री त्याच माऊसने खेळतो, त्याच्या दृष्टीने हा फरक सेन्सरच्या जातीपेक्षा मोठा ठरतो.

सोय मोजण्याची शास्त्रीय रीतही आहे. आयएसओ ९२४१ या मानकाच्या २००० साली आलेल्या नवव्या भागात, वर्तुळाकार मांडलेल्या लक्ष्यांवर बाण नेऊन क्लिक करण्याची चाचणी घेतल्यावर बोटे, मनगट, बाहू, खांदा आणि मान यांच्या थकव्याविषयी स्वतंत्र प्रश्न विचारण्याची तरतूद होती. केवळ अचूकता पुरेशी नाही, हे त्यामागचे गृहीत योग्यच म्हणावे लागेल. दुकानात दोन मिनिटे हाताळून थकवा कळत नाही, म्हणून परत घेण्याची मुदत विचारूनच माऊस घ्यावा.

मनगटाच्या आतील अरुंद मार्गातून बोटांकडे जाणाऱ्या मज्जातंतूवर, हात वर वाकवून ठेवल्याने दाब वाढतो, आणि टेबल उंच व प्लॅस्टिकची खुर्ची बुटकी असेल तर कितीही महाग माऊसने हा दोष निघत नाही. अशा वेळी खुर्चीवर जाड उशी घालून कोपर टेबलाच्या पातळीला आणणे स्वस्त पडते. आणि उजवीकडची आकड्यांची बटणे नसलेला आखूड कीबोर्ड घेतला, तर माऊस अंगाजवळ येऊन खांद्याचा ताणही कमी होतो.