छोट्या ट्रॅक्टरचे गवतकापणी यंत्र : पोटाखाली की पाठीमागे?

ट्रॅक्टर म्हटला की नांगर, रोटाव्हेटर आणि ट्रॉली एवढीच साधने बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतात. वीस ते तीस अश्वशक्तीच्या छोट्या ट्रॅक्टरने फळबागांच्या दोन ओळींमध्ये प्रवेश मिळविल्यापासून मात्र गवत कापण्याचे यंत्रही खरेदीच्या यादीत येऊ लागले आहे. विदर्भातील संत्रा असो, नाशिक-सांगलीकडील द्राक्ष असो वा पंजाबातील किन्नू असो, गवत समूळ काढण्याऐवजी ते कापून जागीच कुजू देण्याकडे अनेक बागायतदारांचा कल आहे. त्यास सबळ कारणही आहे. संत्रावर्गीय झाडांची अन्न शोषणारी तंतुमुळे जमिनीच्या वरच्या थरातच पसरलेली असतात. रोटाव्हेटर वारंवार फिरविल्यास ती तुटतात आणि मोकळी झालेली माती पहिल्या मोठ्या पावसात वाहून जाते. गवताचे मूळ जमिनीत राहिले तर माती धरून ठेवली जाते आणि काळ्या जमिनीत ट्रॅक्टरचे चाकही कमी रुतते.

हे यंत्र ट्रॅक्टरला दोन ठिकाणी जोडता येते. एक म्हणजे पुढच्या व मागच्या चाकांच्या मधोमध, ट्रॅक्टरच्या पोटाखाली; दुसरे म्हणजे पाठीमागे, नांगर किंवा रोटाव्हेटर जोडतात त्याच जागी. दिसण्यात हा फरक किरकोळ वाटतो. तथापि पुढील पाच-सात वर्षे ज्या यंत्राचे हप्ते फेडायचे, ते बागेत चालणार की शेडमध्ये गंजत पडणार, हे पुष्कळदा या एका निवडीवर ठरते.

पोटाखालच्या यंत्राचा जन्म अमेरिकेतला. तेथे १९४७ साली इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने ‘फार्मऑल कब’ हा लहानसा ट्रॅक्टर बाजारात आणला आणि त्याच्या पोटाखाली गवत कापण्याचे यंत्र बसविण्याची पद्धत रूढ झाली. काही एकरांच्या आवारात घर, घरासभोवती हिरवळ आणि ती दर आठवड्याला एकसारखी कापलेली हवी, अशी तेथील गरज होती. त्या कामात या रचनेला तोड नाही. यंत्र दोन्ही आसांच्या मध्ये असल्याने जमिनीचा उंचसखलपणा त्याला कमी जाणवतो आणि कापणी सपाट होते. वळताना ते ट्रॅक्टरबरोबरच वळते, बाहेर फेकले जात नाही; त्यामुळे फुलझाडांच्या वाफ्याला किंवा खांबाला लगटून जाता येते. चालकाला मान वळवून मागे पाहावे लागत नाही. शिवाय ट्रॅक्टरची पाठ मोकळी राहते.

उणीव दुसऱ्या बाजूची आहे. हे यंत्र पातळ पत्र्याचे, जमिनीलगत चालणारे आणि कोवळ्या, आखूड गवतासाठी घडविलेले असते. श्रावणात तीन आठवडे बागेत पाऊल टाकता आले नाही की गवत गुडघ्याला लागते. अशा गवतात ते तुंबते, आणि दगडगोटे असतील तर पाती व पत्रा दोन्ही मार खातात. ते खाली लटकत असताना बांध ओलांडणे किंवा सऱ्यांमधून जाणे दुरापास्त होते. काढून ठेवावे म्हटले तर ट्रॅक्टरखाली वाकून पिना, साखळ्या आणि शाफ्ट सोडविण्याचा खटाटोप आला. नव्या धाटणीच्या काही यंत्रांवरून ट्रॅक्टर थेट चालवत नेऊन जोडणी करता येते, परंतु ती सोय महागात पडते.

याहूनही मूलभूत प्रश्न शक्तीचा आहे. ट्रॅक्टरच्या इंजिनाची शक्ती अवजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्याला पी.टी.ओ. म्हणतात. मागचा पी.टी.ओ. मिनिटाला ५४० फेरे या प्रमाणित गतीने फिरतो. पोटाखालच्या यंत्राला मात्र स्वतंत्र मधला पी.टी.ओ. लागतो आणि त्याची गती सुमारे दोन हजार फेऱ्यांची असते. भारतात शेतीसाठी विकल्या जाणाऱ्या बहुसंख्य छोट्या ट्रॅक्टरांना केवळ मागचाच पी.टी.ओ. असतो. तो मधला पी.टी.ओ. नंतर बसवून घेऊ, असे विक्रेत्याने सांगितले तरी त्यावर विसंबू नये. ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेत त्याचा उल्लेख नसेल, तर पोटाखालच्या यंत्राचा विचार तेथेच थांबवावा.

पाठीमागच्या यंत्राला अशी अडचण नाही. हॅरी फर्ग्युसन यांनी विकसित केलेली तीन बिंदूंची जोडणी १९३९ मध्ये फोर्डच्या ‘९ एन’ ट्रॅक्टरवर आली आणि पुढे जगभर तीच प्रमाण ठरली. शेतीचा छोटा ट्रॅक्टर कोणत्याही कंपनीचा असो, दोन खालचे हात, एक वरचा दांडा आणि मागचा पी.टी.ओ. एवढे असले की काम भागते. सरावाच्या माणसाला यंत्र जोडण्यास दहा-पंधरा मिनिटे पुरतात.

मात्र ‘पाठीमागचे यंत्र’ हे एकच यंत्र नव्हे. हिरवळीसाठी चार चाकांवर तरंगणारे यंत्र मिळते. त्याचा वरचा दांडा थोडा सैल ठेवावा लागतो, अन्यथा ट्रॅक्टरचे तोंड वर उचलले की यंत्र जमीन खरवडते. दुसरा प्रकार स्लॅशर. त्यात जाड पाती आडवी फिरतात. झुडपे आणि रानगवत यांचा त्याच्यापुढे टिकाव लागत नाही, पण दगड लांबवर भिरकावला जाण्याचा धोका याच प्रकारात अधिक. तिसरा मल्चर. आडव्या रुळावर बसविलेली अनेक लहान पाती किंवा हातोडे गवताचा भुगा करतात. द्राक्षबागेत एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी झाल्यावर ओळींत पडणाऱ्या काड्यांचाही तो चुरा करतो. काड्या वेचून बांधावर जाळण्याची मजुरी वाचते आणि सेंद्रिय पदार्थ जमिनीतच राहतो. पोटाखालच्या यंत्राकडून हे काम होणार नाही.

फळबागेत आणखी एक सोय मोलाची ठरते, ती म्हणजे बाजूला सरकणारी जोडणी. काही मल्चर ट्रॅक्टरच्या मध्यरेषेपासून एका बाजूला सरकविता येतात. त्यामुळे ट्रॅक्टर ओळीच्या मध्यातून चालतो आणि यंत्र झाडाच्या घेराखाली पोहोचते. फांद्यांखाली चालकाला डोके घालावे लागत नाही, फळांना धक्का लागत नाही. अर्थात ठिबकच्या नळ्या जमिनीवर पसरलेल्या असतील, तर त्या आधी बाजूला घेतल्याच पाहिजेत. नळी एकदा पात्यात सापडली की क्षणार्धात कित्येक मीटर गुंडाळली जाते.

दोषांचीही नोंद घ्यावयास हवी. मागचे यंत्र वळताना बाहेरच्या अंगाला झोकांडते आणि बेसावध चालकाकडून बुंध्याची साल निघते. ट्रॅक्टरची एकूण लांबी वाढल्याने ओळीच्या टोकाला वळण्यास जागा जास्त लागते. द्राक्षबागेत शेवटच्या अँगलचे ताण जमिनीत गाडलेले असतात, तेथे ही जागा आधी मोजून पाहावी. कापण्यापूर्वी गवत ट्रॅक्टरच्या चाकांखाली दबते, म्हणून हिरवळीवर दोन पट्टे उठून दिसतात. बागेत त्याने काही बिघडत नाही. चढावर मागच्या वजनाने पुढची चाके हलकी होऊन सुकाणू ऐकेनासे होते. ट्रॅक्टरच्या एकूण वजनापैकी किमान २० टक्के भार पुढच्या आसावर राहावा, असा संकेत आहे. कोकणातील उतारांवर किंवा हिमाचलातील सफरचंदाच्या बागांत पुढे वजने लावल्याविना जड मल्चर नेऊ नये.

यंत्राची रुंदी किती असावी? ढोबळमानाने स्लॅशरला दर फूट रुंदीस पी.टी.ओ.वरील ५ अश्वशक्ती धरतात. इंजिन २४ अश्वशक्तीचे असेल तर पी.टी.ओ.वर सुमारे २० मिळतात, म्हणजे ४ फुटी यंत्र पुरे. पाच फुटी यंत्र थोडेच महाग आहे म्हणून ते घेणारे पहिल्याच पावसाळ्यात पस्तावतात.

आता वेळेचा हिशेब पाहू. ताशी ४ किलोमीटर वेगाने ४ फुटी यंत्र चालविल्यास, वळणे व थांबे यांचा वेळ वजा जाता तासाला सुमारे ०.९ एकर काम होते. पाच एकर बागेला साडेपाच तास लागतात. पावसाळ्यात चार वेळा कापणी केली तरी वर्षाकाठी २२ तास भरतात. एवढ्यासाठी स्वतंत्र कर्ज घ्यावे काय, हा प्रश्न बागायतदाराने स्वतःला आणि शाखेतील अधिकाऱ्याने बागायतदारास अवश्य विचारावा. जवळच्या अवजार बँकेत मल्चर भाड्याने मिळत असेल, किंवा तीन-चार शेजाऱ्यांत मिळून घेता येत असेल, तर तोच मार्ग शहाणपणाचा. छाटणीच्या काड्यांचे काम, शेजारच्या बागांतील भाड्याचे तास किंवा मजुरांची कायमची टंचाई ही जोड असेल, तर खरेदी परवडू शकते. केवळ गवतासाठी ती परवडणे कठीण.

खरेदीचा निर्णय झालाच, तर कोटेशन ताजे घ्यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर आणि शेतीच्या बहुतेक यंत्रांवरील जी.एस.टी. १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुन्या दराचे कोटेशन जोडल्यास कर्जाची रक्कम विनाकारण फुगते. महाराष्ट्रात ‘महाडीबीटी’मार्फत अनुदान घ्यावयाचे असल्यास पूर्वसंमती मिळण्याआधी यंत्र उचलू नये, अन्यथा अनुदानास मुकावे लागते. परतफेडीचे हप्ते फळांच्या तोडणीशी जुळवून मागावेत. हॉटेल किंवा निवासी संकुलाच्या हिरवळीसाठी घेतलेले यंत्र शेतीकर्जात बसत नाही. अशा ग्राहकाने व्यवसायकर्जाकडे वळावे, आणि ट्रॅक्टरला मधला पी.टी.ओ. असेल तर निःशंकपणे पोटाखालचे यंत्र निवडावे.

यंत्र घरी येते त्या दिवशी दोन गोष्टी चालकाच्या मनावर बिंबवाव्यात. मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ. उपरण्याचे किंवा पदराचे टोक फिरत्या शाफ्टला लागले तर हात काढून घेण्याइतकाही अवधी मिळत नाही. म्हणून शाफ्टवरील प्लॅस्टिकचे आवरण काढून टाकू नये आणि इंजिन बंद केल्याखेरीज तुंबलेले गवत ओढू नये. दुसरे, शाफ्टवरचा शिअर बोल्ट तुटला तर तसाच नरम बोल्ट घालावा. तो मुद्दाम नाजूक ठेवलेला असतो. त्याच्या जागी कठीण पोलादाचा बोल्ट घातला, तर पुढच्या दगडाला बोल्टऐवजी गिअरबॉक्स तुटतो, आणि त्याची किंमत पाहून हप्त्याचे गणितच कोलमडते.