‘अ‍ॅब्सोल्यूट’, ‘प्युअर’, ‘१००%’: पाकिटावर छापण्याआधी शब्द तोलून बघा



लेबल कसं बनवायचं ते आपण व्हिडिओत पाहिलं. आज लेबलवरच्या एकाच जातीच्या शब्दांबद्दल बोलू. वणीच्या बाजारात एक चक्कर मारा आणि फक्त पाट्या वाचा. प्युअर, परफेक्ट, कम्प्लीट, १००%, अ‍ॅब्सोल्यूट. हे सगळे शब्द एकच गोष्ट सांगतात: ‘आमच्याकडे काही कमी नाही, काही अट नाही.’ वाचायला भारी वाटतं. पण प्रत्येक शब्दाचं काम वेगळं आहे, आणि चुकीचा शब्द छापला तर खर्च आपल्याच खिशातून जातो.

समजा, वणीतल्या एका ताईंनी जवसाच्या चटणीचा व्यवसाय सुरू केला. पाच हजार पाकिटं छापून आणली, वर ठळक लिहिलं ‘१००% प्युअर’. चटणीत जवस, तिखट, लसूण, मीठ. भेसळ कणभर नाही. तरीही ही पाकिटं अडचणीची आहेत. का, ते पुढे बघू. आधी शब्द समजून घेऊ.

कोणता शब्द कुठे वापरायचा?

अ‍ॅब्सोल्यूट: म्हणजे बिनशर्त. शब्द मूळचा लॅटिन, अर्थ ‘मोकळं केलेलं’. जमिनीच्या व्यवहारात ‘अ‍ॅब्सोल्यूट सेल डीड’ म्हणतात, तेच आपलं कायम खरेदीखत. कायद्यात या शब्दाचं वजन किती आहे बघा. डिसेंबर १९८५ मध्ये दिल्लीत ओलियम वायूची गळती झाली. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली ‘अ‍ॅब्सोल्यूट लायबिलिटी’चं तत्त्व मांडलं: धोकादायक उद्योगातून लोकांना इजा झाली, तर ‘आम्ही सगळी काळजी घेतली होती’ ही सबब चालणार नाही. म्हणजे अ‍ॅब्सोल्यूट म्हटलं की पळवाट संपली. ‘अ‍ॅब्सोल्यूट गॅरंटी’ लिहिण्याआधी हे आठवा. आणि ‘व्हेरी अ‍ॅब्सोल्यूट’ असं कधीच लिहू नका. जे पूर्णच आहे, ते आणखी ‘खूप’ कसं होणार?

टोटल आणि कम्प्लीट: टोटल म्हणजे बेरीज, कम्प्लीट म्हणजे सगळे भाग हजर. कोटेशनमध्ये ‘टोटल अमाउंट’ बरोबर. पण ‘कम्प्लीट वायरिंग’ लिहिलं, की गिऱ्हाईक बोर्ड, स्विच, एमसीबी सगळं त्यातच धरणार. इलेक्ट्रिशियन, प्लंबर, फर्निचरवाले भाऊ, तुमची निम्मी भांडणं या एका शब्दावरून होतात. कम्प्लीट लिहायचं असेल तर खाली यादी द्या: काय धरलंय, काय धरलेलं नाही.

शीअर: म्हणजे निव्वळ. ‘शीअर हार्ड वर्क’ म्हणजे निव्वळ मेहनत. पण कापडाच्या धंद्यात शीअर म्हणजे आरपार दिसेल इतकं तलम. ‘प्युअर कॉटन’ म्हणायच्या ऐवजी ऑनलाइन कुर्ती ‘शीअर कॉटन’ म्हणून टाकली, तर माल परत येण्याची तयारी ठेवा.

अटर: हाही ‘पूर्णपणे’च, पण बहुतेक वेळा वाईट गोष्टीसोबत येतो. अटर नॉन्सेन्स, अटर फेल्युअर. ‘अटर क्वालिटी’ कुठेही लिहू नका.

आउटराइट: म्हणजे एका झटक्यात, पूर्ण. ‘आउटराइट पर्चेस’ म्हणजे दुकानदाराने माल विकत घेतला, विषय संपला. याच्या उलट आपलं जांगड: विकला तर पैसे, नाहीतर माल परत. दुकानदार तोंडी ‘ठेवून जा’ म्हणतो, तेव्हा तो कोणत्या बोलीवर म्हणतोय हे त्याच क्षणी विचारा आणि चलनावर लिहून घ्या. नवीन माणसाचं भांडवल इथेच अडकतं.

फुल अ‍ॅण्ड फायनल: पूर्ण आणि शेवटचं. पैसे घेताना पावतीवर हे शब्द असतील आणि तुम्ही सही केली, तर उरलेली रक्कम नंतर मागणं अवघड जातं. हिशोब जुळल्याशिवाय सही नको.

आता ताईंची पाकिटं

खाद्यपदार्थांच्या दाव्यांसाठी एफएसएसएआयचे २०१८ चे नियम आहेत. त्यानुसार ‘प्युअर’ हा शब्द एकाच घटकाच्या पदार्थाला लावता येतो, ज्यात दुसरं काही मिसळलेलं नाही. नुसती हळद पूड असेल तर ठीक. चटणी, मसाला, लोणचं म्हणजे अनेक घटक, तिथे ‘प्युअर’ चालत नाही. माल कितीही चांगला असला तरी नाही. ‘नॅचरल’, ‘फ्रेश’, ‘ट्रॅडिशनल’, ‘ओरिजिनल’ या शब्दांनाही अशाच अटी आहेत. ट्रॅडिशनल म्हणायचं तर पाककृती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आणि फारशी न बदललेली हवी. ब्रँडच्या नावातच असा शब्द असेल आणि त्यामुळे गैरसमज होऊ शकत असेल, तर ‘हे केवळ ब्रँडचं नाव आहे’ अशी सूचना किमान ३ मिलिमीटर अक्षरात छापावी लागते.

राहिलं ‘१००%’. जून २०२४ मध्ये एफएसएसएआयने पाणी घालून पुन्हा तयार केलेल्या फळरसांवरून ‘१००% फ्रूट ज्यूस’ हा दावा काढायला सांगितला. मे २०२५ मध्ये सगळ्याच खाद्य व्यावसायिकांना सांगितलं, की लेबलवर आणि जाहिरातीत ‘१००%’ वापरू नका. कारण सरळ आहे: या शब्दाची कायद्यात व्याख्याच नाही, आणि त्यातून ‘बाकीच्यांचा माल कमी प्रतीचा’ असा अर्थ निघतो.

दंड किती? दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी अन्न सुरक्षा कायदा, २००६ प्रमाणे १० लाख रुपयांपर्यंत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली पहिल्यांदा १० लाखांपर्यंत, पुन्हा घडलं तर ५० लाखांपर्यंत. ‘पर्यंत’ आहे, म्हणून घाबरून धंदा बंद करू नका. पण पाच हजार पाकिटं रद्दीत गेली, तरी सुरुवातीच्या माणसाला तेवढा फटका पुरेसा असतो. आणि वर मोठा दावा, खाली बारीक अक्षरात तारांकित खुलासा, हा उपाय नाही. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मूळ दाव्याच्या उलट जाणारा खुलासा चालत नाही.

मग लिहायचं काय?

उत्तर आपल्या वणीच्या बाजारातच आहे. कापसाच्या हंगामात शेतकरी म्हणतो, ‘एकदम कोरडा माल आहे.’ सीसीआयचा माणूस मान हलवतो आणि मॉइश्चर मीटर लावतो. ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण भाव, पुढे कपात, १२ च्या वर खरेदी नाही. ‘एकदम’ या शब्दाला तिथे भाव नाही, आकड्याला आहे.

कोळशाचंही तेच. वेकोलिचा कोळसा ‘एक नंबर’ म्हणून विकला जात नाही. एका किलोतून किती किलोकॅलरी उष्णता मिळते, त्यावर जी-१ ते जी-१७ अशी प्रत ठरते. सोन्याला आपण ‘बावनकशी’ म्हणतो खरं, पण सराफाकडचं शुद्धातलं शुद्ध सोनंही पूर्ण १००० नसतं. दागिन्यावर ९१६ चा शिक्का बघूनच आपण पैसे मोजतो.

जिथे खरंच मोठी उलाढाल आहे, तिथे लोक शब्दावर थांबत नाहीत, माप मागतात. तुम्हीही माप द्या:

- ‘१००% प्युअर चटणी’ काढा. लिहा: ‘जवस ६०%. रंग नाही, प्रिझर्व्हेटिव्ह नाही.’ (६० हा उदाहरणाचा आकडा. तुमचा खरा आकडा घाला.)
- ‘अ‍ॅब्सोल्यूट फ्रेश’ काढा. पॅकिंगची तारीख मोठी छापा.
- ‘परफेक्ट फिटिंग’ काढा. लिहा: ‘७ दिवसांत एकदा मोफत अल्टरेशन.’
- ‘फुल गॅरंटी’ काढा. लिहा: ‘मोटरला १२ महिने, वायरिंगला ६ महिने.’

यात एक फायदा अजून आहे. ‘प्युअर’ तर बाजूचा दुकानदारही लिहितो. ‘जवस ६०%’ लिहायला तेवढा जवस घालावा लागतो. तो आकडा तुमचा आहे, तो कोणी फुकटात उचलू शकत नाही.

आजचं काम

तुमचं पाकीट, व्हिजिटिंग कार्ड, कोटेशन आणि व्हॉट्सअ‍ॅप कॅटलॉग समोर घ्या. प्युअर, टोटल, कम्प्लीट, परफेक्ट, १००%, गॅरंटी या प्रत्येक शब्दाखाली पेनाने रेघ मारा. प्रत्येक रेघेला एकच प्रश्न: ‘उद्या कोणी पुरावा मागितला, तर माझ्याकडे कागद, मीटर किंवा तारीख आहे का?’ असेल तर तो पुरावाच छापा. नसेल तर शब्द काढा. आणि हे छपाईची ऑर्डर देण्याआधी करा, भाऊ. ब्लॉक बनल्यावर अक्षर बदलायचे वेगळे पैसे लागतात.