प्रेस रिलीज मोबाइलपर्यंत पोचते कशी? खरी-खोटी कशी ओळखायची?



समजा, तुम्ही डाळजच्या स्टॉपवर एसटीची वाट बघताय. तेवढ्यात गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज येतो, "सर्व विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप, लगेच फॉर्म भरा." सोबत सरकारी शिक्का असलेला फोटो आणि लिंक. क्लिक करायचं का? थांबा, आधी सरकारी बातमी निघते कुठून ते पाहू.

प्रेस रिलीज म्हणजे काय?

सरकार किंवा कंपनी स्वतःची बातमी लिहून सगळ्या पत्रकारांना एकाच वेळी देते, ती प्रेस रिलीज. मराठीत प्रसिद्धीपत्रक.

सुरुवात कशी झाली?

आपल्याकडे जून १९१९ मध्ये ब्रिटिश सरकारच्या गृह खात्यात एक छोटा प्रसिद्धी कक्ष सुरू झाला. १९४६ मध्ये त्याला आजचं नाव मिळालं, प्रेस इन्फर्मेशन ब्युरो, म्हणजेच पीआयबी.

कंपन्यांसाठी ही सेवा अमेरिकेत वाढली. १९५४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हर्बर्ट मुशेल यांनी पीआर न्यूजवायर सुरू केली. पत्रक टेलिप्रिंटरवर टाइप केलं की ते एकदम अनेक वृत्तपत्रांच्या ऑफिसात छापून यायचं. १९६१ मध्ये बिझनेस वायर आली. पुढे टेलिप्रिंटर गेले, ईमेल आणि वेबसाइट आल्या.

एक खोटं पत्रक, दोन अब्ज डॉलर

२५ ऑगस्ट २००० ला इंटरनेट वायर या सेवेवरून एम्युलेक्स कंपनीचं एक पत्रक आलं. सीईओंचा राजीनामा, नफ्याऐवजी तोटा वगैरे. सगळं खोटं! २३ वर्षांच्या एका तरुणाने ते घुसवलं होतं. याच सेवेत त्याने आधी काम केलं होतं, त्यामुळे तिथली पद्धत त्याला माहीत होती. मोठ्या वृत्तसंस्थांनीही तपासलं नाही. शेअर ११३ डॉलरवरून ४३ वर आला, दोन अब्ज डॉलरहून जास्त किंमत काही मिनिटांत गायब झाली. तरुण तुरुंगात गेला, पण घाबरून शेअर विकलेल्यांचं नुकसान झालं होतं.

म्हणजे शिक्का आणि भाषा हुबेहूब जमवता येते. बघायचं असतं ते पत्रक कुठून आलं ते.

मग तपासायचं कसं?

१. केंद्राची योजना असेल तर पीआयबीच्या वेबसाइटवर शोधा. पत्ता gov.in ऐवजी तसाच दिसणारा दुसरा तर नाही ना, ते नीट वाचा. तिथे मराठीतही पत्रकं असतात आणि प्रत्येकावर तारीख, वेळ, रिलीज आयडी असतो.

२. राज्याची योजना असेल तर माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाचं 'महासंवाद' पोर्टल बघा.

३. पीआयबीचं फॅक्ट चेक युनिट नोव्हेंबर २०१९ पासून व्हायरल मेसेज तपासतं. मोफत लॅपटॉपचे मेसेज त्यांनी अनेकदा खोटे ठरवलेत.

कुठेच सापडलं नाही तर फॉर्म भरू नका. आधार नंबर आणि ओटीपी तर कुणालाच देऊ नका.

माहिती उपयोगी वाटली तर त्याच ग्रुपवर टाका, जिथे तो लॅपटॉपचा मेसेज आला होता!