पीएच.डी. झाली म्हणून रुग्ण तपासता येत नाहीत

नाशिकजवळ म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आहे. १९९८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या कक्षेत अख्खं राज्य येतं. पण तिथल्या पीएच.डी.बद्दल इच्छुकांमध्ये नियमांपेक्षा ऐकीव गोष्टीच जास्त फिरतात.

गैरसमज : त्यासाठी नाशिकला बिऱ्हाड हलवावं लागतं.

वस्तुस्थिती : हे संलग्नता देणारं विद्यापीठ आहे. प्रत्यक्ष काम चालतं ते मान्यताप्राप्त संशोधन केंद्रांत, आणि अशी केंद्रं राज्यभरातल्या महाविद्यालयांत आहेत.

गैरसमज : आरोग्यातलं संशोधन म्हणजे एमबीबीएसवाल्यांचं काम.

वस्तुस्थिती : विद्यापीठात दंतवैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, नर्सिंग, फिजिओथेरपी या शाखाही आहेत. इतिहासही हेच सांगतो. कर्करोग संशोधक डॉ. कमल रणदिवे मूळच्या जीवशास्त्राच्या विद्यार्थिनी. १९४९ साली मुंबई विद्यापीठातून त्यांनी पीएच.डी. मिळवली, ती डॉ. वसंत खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली.

गैरसमज : पीएच.डी. ही एम.डी.च्या वरची पायरी.

वस्तुस्थिती : वाटाच वेगळ्या. एम.डी. रुग्णसेवेत किंवा विषयात तज्ज्ञ घडवते, पीएच.डी. संशोधक. नावामागे ‘डॉ.’ लागलं तरी औषध लिहून देण्याचा हक्क वैद्यकीय पदवी आणि परिषदेकडच्या नोंदणीनेच मिळतो.

गैरसमज : मोठी प्रयोगशाळा नसेल तर संशोधन होत नाही.

वस्तुस्थिती : रायगड जिल्ह्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून एकेका लक्षणाची नोंद करत. त्यातून प्रॅझोसिनचा उपचार पुढे आला आणि हे काम ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांतल्या नवजात बालकांची काळजी गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांवर सोपवली. तिथले बालमृत्यू किती घटले, ते १९९९ साली याच नियतकालिकात आलं. ही कामं पीएच.डी.साठी झालेली नव्हती. पण नेमका प्रश्न आणि काटेकोर नोंदी यांची गरज प्रबंधालाही तेवढीच असते.

गैरसमज : विषय ठरला की लगेच माहिती गोळा करायला लागावं.

वस्तुस्थिती : माणसांवरच्या अभ्यासाला आधी एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. उपचारांची चाचणी असेल, तर पहिला रुग्ण घेण्याआधीच ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’त नोंदणी करावी लागते. १ एप्रिल २०१८पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही.

गैरसमज : पैसे भरून का होईना, शोधनिबंध छापलेच पाहिजेत.

वस्तुस्थिती : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांनी प्रबंधाआधी शोधनिबंधाची देशव्यापी सक्ती काढली. त्यामुळे आपल्या विद्यापीठाचा नियम आधी वाचावा. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांच्या नादी तर लागूच नये.

आयोगाच्या याच नियमांनुसार कोर्सवर्क धरून पीएच.डी.ला किमान तीन आणि एरवी कमाल सहा वर्षं मिळतात. एका वेळी प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात. म्हणून अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची अधिसूचना वाचावी आणि मनातल्या गाईडकडे जागा आहे का, हे विचारून घ्यावं.