बी.एड.चा अभ्यासक्रम कसा घडतो : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बी.एड.चा अभ्यासक्रम हा विद्यापीठाने मंजूर केलेला आराखडा असतो. छात्राध्यापकाने काय शिकायचे, कशासाठी, किती वेळात व कोणत्या अनुभवांतून शिकायचे, आणि ते साधले की नाही हे कसे तपासायचे, हे त्यात ठरलेले असते. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांतील महाविद्यालयांसाठी तो नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात तयार होतो. हे विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झाले. तिथे ठरलेला अभ्यासक्रम शेवटी हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील पुसेगावसारख्या गावात, जिल्हा परिषद शाळेच्या फळ्यासमोर तपासला जातो. उद्या तिथे शिकवणारे शिक्षक याच आराखड्यातून घडणार असतात. त्यामुळे त्याच्या घडणीविषयीचे गैरसमज दूर होणे गरजेचे आहे.

गैरसमज १ : अभ्यासक्रम म्हणजे प्रकरणांची यादी

वस्तुस्थिती : यादी हा अभ्यासक्रमाचा फक्त एक भाग आहे. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ राल्फ टायलर यांनी १९४९ साली मांडलेले चार प्रश्न आजही या कामाचा पाया मानले जातात. कोणती उद्दिष्टे गाठायची? त्यासाठी कोणते अध्ययन अनुभव द्यायचे? त्या अनुभवांची रचना कशी करायची? आणि उद्दिष्टे गाठली गेली हे कसे ओळखायचे? घटक-उपघटकांच्या यादीतून दुसऱ्या प्रश्नाचे अर्धेच उत्तर मिळते.

पूर्ण आराखड्यात विषयाचे नाव, सत्र, श्रेयांक, तासिका, अध्ययन निष्पत्ती, घटक, प्रात्यक्षिके, अंतर्गत आणि सत्रान्त गुणांची विभागणी, तसेच संदर्भग्रंथ यांचा समावेश असतो. यांपैकी एक जरी बाब सुटली तरी ती पोकळी प्रत्येक महाविद्यालय आपापल्या परीने भरते आणि एकाच पदवीचे अनेक दर्जे तयार होतात.

गैरसमज २ : अभ्यासक्रम एक तर दिल्लीहून येतो, नाहीतर विभागप्रमुख तो एकट्याने लिहितात

वस्तुस्थिती : दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. चौकट राष्ट्रीय पातळीवर ठरते आणि तपशील विद्यापीठात भरला जातो. अध्यापक शिक्षणाची चौकट राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद, म्हणजे एनसीटीई, घालून देते. महाराष्ट्रातील डी.एड. विद्यालयांच्या मान्यतेच्या वादातून सर्वोच्च न्यायालयाने न्या. जे. एस. वर्मा आयोग नेमला. त्याचा अहवाल २०१२ मध्ये आला आणि परिषदेची २०१४ ची नियमावली त्यानंतर तयार झाली. तिच्यामुळे एक वर्षाचे बी.एड. २०१५-१६ पासून दोन वर्षांचे झाले.

या नियमावलीनुसार प्रवेश आणि परीक्षांचे दिवस वगळून वर्षाला किमान २०० कामाचे दिवस आणि आठवड्याला किमान ३६ तास काम व्हावे लागते. विषय व प्रात्यक्षिकांसाठी ८० टक्के, तर शालेय अंतर्वासितेसाठी ९० टक्के उपस्थिती बंधनकारक आहे. अभ्यासक्रमाची तीन क्षेत्रेही ठरलेली आहेत : शिक्षणाचे सैद्धांतिक अधिष्ठान, अभ्यासक्रम व अध्यापनशास्त्र, आणि प्रत्यक्ष क्षेत्रकार्य.

या चौकटीत कोणता विषय कोणत्या सत्रात घ्यायचा, त्याचे घटक कोणते आणि गुण किती, हे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार स्थापन झालेले अभ्यास मंडळ सुचवते. या कायद्यात शिक्षणशास्त्राचा समावेश आंतरविद्याशाखीय अभ्यास या विद्याशाखेत होतो. अभ्यास मंडळावर विद्यापीठ विभागाचे प्रमुख, संलग्न महाविद्यालयांतील अध्यापक आणि बाहेरचे तज्ज्ञ असतात. मंडळाची शिफारस विद्याशाखेमार्फत विद्या परिषदेपुढे जाते आणि तिथल्या मंजुरीनंतरच ती लागू होते. म्हणजे अभ्यासक्रमाचा मसुदा कुणी एकाने लिहिला तरी तो अनेकांच्या नजरेखालून जातो.

गैरसमज ३ : घटक जितके जास्त, तितका अभ्यासक्रम दर्जेदार

वस्तुस्थिती : दर्जा ठरवताना सर्वांत आधी तासांचा हिशोब करावा लागतो. सिद्धांत विषयात एक श्रेयांक म्हणजे सत्रात १५ तास अध्यापन आणि प्रात्यक्षिकात एक श्रेयांक म्हणजे ३० तास काम, असा सर्वसाधारण हिशोब आहे. चार श्रेयांकांच्या सिद्धांत विषयाला ६० तास मिळतात. पाच घटक आणि प्रत्येकी आठ उपघटक ठेवले, तर ४० उपघटक होतात. चाचण्या, चर्चासत्रे आणि उजळणीसाठी १२ तास काढले की ४८ उरतात. एका उपघटकाच्या वाट्याला जेमतेम सव्वा तास येतो. मानसशास्त्रज्ञ पियाजे यांचा बोधात्मक विकासाचा सिद्धांत सव्वा तासात ‘झाला’ असे दैनंदिनीत लिहिता येते, पण त्याआधारे सहावीच्या मुलाची चूक ओळखण्याची नजर एवढ्या वेळात येत नाही.

सूक्ष्म अध्यापनाचे, म्हणजे एकेका अध्यापन कौशल्याच्या छोट्या सराव पाठांचे, गणित याहून बोलके आहे. भारतीय प्रतिमानात एका कौशल्याचे चक्र ३६ मिनिटांचे असते : अध्यापन ६, प्रत्याभरण ६, पुनर्नियोजन १२, पुनरध्यापन ६ आणि पुनर्प्रत्याभरण ६. पुनर्नियोजन इतरांचे पाठ चालू असताना उरकले, तरी एका छात्राध्यापकाला गटासमोर २४ मिनिटे लागतात. ५० जणांच्या तुकडीचे दहा-दहाचे पाच गट केले, तर एका गटाला एका कौशल्यासाठी चार तास हवेत. पाच कौशल्यांचे २० तास झाले. एका श्रेयांकाच्या ३० तासांतले उरलेले १० तास दिग्दर्शन पाठांना आणि कौशल्याच्या घटकांच्या चर्चेला पुरतात. पण यासाठी पाच गटांना पाच मार्गदर्शक एकाच वेळी उपलब्ध असावे लागतात. अभ्यासक्रमात पाचाऐवजी दहा कौशल्ये लिहिली आणि श्रेयांक तोच ठेवला, तर पाठ फक्त टाचण वहीत होतात. कागदावर समृद्ध दिसणारा अभ्यासक्रम असाच वर्गात उपाशी राहतो.

गैरसमज ४ : अध्ययन निष्पत्ती म्हणजे पहिल्या पानाची औपचारिकता

वस्तुस्थिती : निष्पत्ती नीट लिहिली तर तिच्यामागून अध्यापन आणि परीक्षा दोन्ही येतात. ‘छात्राध्यापकास मूल्यमापनाची संकल्पना समजेल’ या वाक्यातून प्राध्यापकाला तासाला काय करायचे हे कळत नाही आणि परीक्षकाला काय विचारायचे तेही कळत नाही. तीच निष्पत्ती अशी लिहिता येते : ‘छात्राध्यापक इयत्ता आठवीच्या विज्ञानातील एका घटकासाठी २० गुणांचा संविधान तक्ता तयार करतो, त्यानुसार चाचणी काढतो आणि दहा विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपासून त्यांच्या चुकांचे वर्गीकरण करतो.’

दुसऱ्या वाक्यात कृती, इयत्ता, प्रमाण आणि पुरावा हे सारे आले आहे. व्याख्यान किती, कार्यशाळा किती आणि शाळेत जाऊन काय करायचे, हेही त्यातून ठरते. १९५६ मध्ये बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले उद्दिष्टांचे वर्गीकरण आणि त्याची २००१ ची सुधारित मांडणी यांचा उपयोग इथे होतो. स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन आणि नवनिर्मिती यांपैकी कोणत्या पातळीची अपेक्षा आहे, हे क्रियापदावरून उघड होते. ‘सांगतो’ आणि ‘तयार करतो’ यांत तासांचाही मोठा फरक असतो.

गैरसमज ५ : परीक्षेचे स्वरूप शेवटी ठरवले तरी चालते

वस्तुस्थिती : विद्यार्थी काय शिकणार, हे बऱ्याच अंशी परीक्षेवरून ठरते. निष्पत्तीत ‘चाचणी तयार करतो’ असे असेल आणि सत्रान्त प्रश्नपत्रिकेत ‘चाचणीचे प्रकार लिहा’ एवढेच विचारले जात असेल, तर कार्यशाळेकडे कुणी गांभीर्याने पाहणार नाही. म्हणून प्रत्येक निष्पत्तीसमोर तिचा पुरावा कुठे मिळेल हे मसुदा लिहितानाच नोंदवावे लागते. पुरावा लेखी उत्तरात मिळू शकतो, तसा प्रात्यक्षिक वहीत, पाठ निरीक्षणात किंवा प्रकल्पातही. ज्या निष्पत्तीसमोर रकाना रिकामा राहतो, ती बदलावी किंवा काढून टाकावी. अंतर्गत गुणांसाठी निकषांचा तक्ता अभ्यासक्रमातच दिला, तर वेगवेगळ्या महाविद्यालयांत एकाच कामाला मिळणाऱ्या गुणांतील तफावत कमी होते.

गैरसमज ६ : अंतर्वासिता म्हणजे पाठ घेऊन सह्या मिळवणे

वस्तुस्थिती : २०१४ च्या नियमावलीत शाळेतील सहभागासाठी किमान २० आठवडे सांगितले आहेत, पहिल्या वर्षी चार आणि दुसऱ्या वर्षी सोळा. परिपाठ, वर्गाची हजेरी, शालेय अभिलेखे, पालकभेट, मागे पडलेल्या मुलांसोबतचे काम आणि अनुभवी शिक्षकाच्या वर्गाचे निरीक्षण हे सगळे त्यात येते. सराव पाठांची संख्या हा त्याचा एक भाग आहे.

हे सोळा आठवडे कधी ठेवायचे, याचा विचार शेतीचे वेळापत्रक समोर ठेवून करावा लागतो. हिंगोली जिल्ह्यात सोयाबीनची काढणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये येते, तेव्हा मोठी मुले शेतात असतात. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातील ऊसतोड कुटुंबे बाहेर पडतात. जानेवारीपासून हळदीची काढणी आणि शिजवणी सुरू होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षांत शाळा गुंतलेल्या असतात. अंतर्वासिता दिवाळीनंतर सुरू केली तर सोळा आठवडे थेट मार्चमध्ये शिरतात. जुलैच्या आरंभी सुरू केली तर पहिले बारा आठवडे भरलेल्या वर्गात मिळतात. शेवटच्या चार आठवड्यांत मुलांची गळती छात्राध्यापकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. ती का होते आणि शाळा त्यावर काय करते, याची नोंद ठेवणे हा तिथला खरा अभ्यास. शिक्षकाने हे पदवीच्या काळातच पाहिले, तर नोकरीत रिकाम्या बाकाचा अर्थ त्याला लवकर कळतो.

गैरसमज ७ : मराठी माध्यमाचा अभ्यासक्रम म्हणजे इंग्रजी मसुद्याचे भाषांतर

वस्तुस्थिती : भाषांतराने शब्द बदलतात, पण उदाहरणे आणि प्रश्न परकेच राहतात. महाराष्ट्रातील बी.एड.मध्ये रुजलेली ‘आशययुक्त अध्यापन पद्धती’ ही कल्पना वेगळी आहे. इथल्या शालेय पाठ्यपुस्तकाचा आशय बारकाईने तपासायचा आणि त्या आशयाला साजेशी पद्धती निवडायची, असा तिचा आग्रह असतो. त्यासाठी घटक विश्लेषण बालभारतीच्या पुस्तकावरच करावे लागते. संज्ञांसाठी राज्याच्या भाषा संचालनालयाचा शिक्षणशास्त्र परिभाषा कोश हाताशी आहे.

हिंगोली जिल्ह्यातील अनेक तांड्यांवरून मुले बंजारा समाजाची गोरबोली बोलत शाळेत येतात. ‘अभ्यासक्रमांतर्गत भाषा’ हा विषय इथे शिकवताना घरची बोली आणि प्रमाण मराठी यांमधील अंतर वर्गात कसे सांधायचे, याचे प्रात्यक्षिक आवश्यक ठरते. संदर्भग्रंथांच्या यादीत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मिळतील अशी मराठी पुस्तके नसतील, तर विद्यार्थी गाइडकडे वळतो. त्याचा दोष विद्यार्थ्याला देणे अन्यायाचे आहे.

गैरसमज ८ : ग्रामीण महाविद्यालयाच्या प्राध्यापकाला यात काही वाव नसतो

वस्तुस्थिती : संलग्न महाविद्यालय स्वतःचा अभ्यासक्रम मंजूर करू शकत नाही. तो अधिकार, ठरलेल्या नियमांच्या चौकटीत, स्वायत्त महाविद्यालयांना असतो. तरीही वाव मोठा आहे. सत्राचे अध्यापन नियोजन, प्रकल्पांचे विषय, सराव शाळांची निवड आणि अंतर्गत मूल्यमापनाचे प्रत्यक्ष काम प्राध्यापकाच्याच हाती असते. हळदीच्या शिजवणीवरून विज्ञानाचा पाठ, बाजारातल्या मालविक्रीच्या पट्टीवरून गणिताचा पाठ किंवा हिंगोली जिल्ह्यातील नर्सी नामदेव येथील संतपरंपरेवरून भाषेचा प्रकल्प घ्यायला कोणत्याही परवानगीची गरज नसते.

अभ्यास मंडळावर संलग्न महाविद्यालयांचे प्रतिनिधी असतात आणि पुनर्रचनेच्या वेळी सूचना मागवल्या जातात. ‘घटक फार आहेत’ एवढे कळवण्यापेक्षा कोणत्या उपघटकाला किती तास लागले याची वर्षभराची नोंद पाठवली, तर मंडळाला तिच्यावर निर्णय घेता येतो.

गैरसमज ९ : एकदा मंजूर झालेला अभ्यासक्रम वर्षानुवर्षे तसाच राहतो

वस्तुस्थिती : राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २९ जुलै २०२० रोजी मंजूर झाले. त्यानंतर एनसीटीईने चार वर्षांचा एकात्मिक अध्यापक शिक्षण कार्यक्रम आणला आणि २०२३-२४ पासून निवडक संस्थांत तो सुरू झाला. शालेय आराखडा, पाठ्यपुस्तके आणि मूल्यमापन पद्धती बदलली की शिक्षक घडवणारा अभ्यासक्रमही बदलावा लागतो. मात्र बदल करताना चार नोंदी आधी तपासाव्यात : निष्पत्तीनिहाय निकाल, प्राध्यापकांचे तासांचे टिपण, माजी विद्यार्थ्यांचा अनुभव आणि सराव शाळांच्या मुख्याध्यापकांचे मत. या चार नोंदी हाती असल्या की कोणता भाग ठेवायचा, कोणता वगळायचा आणि कशाला जास्त तास द्यायचे, हे पुराव्यानिशी ठरवता येते. नव्या अभ्यासक्रमाचा मसुदा तिथून सुरू होतो.