गीलचे पाहुणे

मनुष्याचे शरीर वाढते तशी त्याची बुद्धीही वाढते, असे आपण धरून चालतो. पाच वर्षांचे मूल अंक मोजू लागते, दहा वर्षांचे मूल दुकानातून उरलेले सुटे पैसे बरोबर मोजून आणते, आणि पंचविशीतील तरुण स्वतःचा प्रपंच चालवू लागतो. परंतु काही माणसांच्या बाबतीत हा क्रम असा सरळ चालत नाही. त्यांचे शरीर यथाकाल वाढते. दाढीमिशा येतात, पुढे केसही पिकतात. पण हिशेब करणे, घड्याळ पाहून वेळ सांगणे, अनोळखी रस्त्याने एकट्याने जाऊन परत येणे, या गोष्टी त्यांना फार उशिरा साधतात. कित्येकांना त्या साधतच नाहीत. कोणाच्या मेंदूला जन्माच्या वेळी इजा झालेली असते, कोणाच्या शरीरातील पेशींची घडणच जन्मतः निराळी असते, तर पुष्कळांच्या बाबतीत काही कारण सापडतच नाही. हा औषधाने बरा होणारा रोग नव्हे. आणि तो कोणाचा अपराध तर नव्हेच. याला बौद्धिक अक्षमता म्हणतात.

असे मूल लहान असते तोवर आईबाप त्याचे सर्व काही करतात. त्याला जेवू घालतात, शर्टाची बटणे लावून देतात, हात धरून रस्ता ओलांडून देतात. पण मूल चाळिशीला पोहोचते तेव्हा आईबापांनी साठी ओलांडलेली असते. त्यांचे हात थरथरू लागतात. मग रात्री अंथरुणावर पडल्यावर एकच विचार त्यांच्या मनात घोळू लागतो : आपल्यामागे याचे काय होईल?

जगातील सर्व देशांत हा प्रश्न पडत आला आहे. कित्येक देशांनी त्यासाठी गावाबाहेर उंच भिंतींच्या मोठमोठ्या इमारती बांधल्या आणि शेकडो माणसे तेथे एकत्र ठेवली. त्या भिंतींच्या आत अन्नवस्त्र मिळे, पण घर मिळत नसे. बेल्जियम देशातील गील या गावाने मात्र वेगळी वाट धरली. ती कोणी विचार करून आखली होती असे नाही. ती हळूहळू, जणू नकळत, पडत गेली.

बेल्जियम हा युरोपच्या पश्चिमेकडील एक लहानसा देश. त्याच्या उत्तर भागात अँटवर्प या प्रसिद्ध बंदराच्या पूर्वेस गील वसले आहे. भोवतालची जमीन रेताड. पूर्वी तिच्यात कष्टाच्या मानाने पीक थोडेच येई. येथील लोक डच भाषा बोलतात. गावात संत डिम्फना हिचे एक जुने, भव्य चर्च आहे. डिम्फना ही आयर्लंडच्या एका राजाची मुलगी होती, अशी आख्यायिका आहे. राणीच्या मृत्यूनंतर दुःखाने राजाची बुद्धी भ्रमली. त्याच्या भयाने डिम्फना एका वृद्ध धर्मगुरूसह समुद्र ओलांडून गीलला आली. परंतु राजाने तिचा माग काढला आणि भ्रमाच्या भरात तिचा वध केला. ही कथा कितपत खरी आहे हे आज ठरवता येणार नाही. पण तेव्हापासून डिम्फना ही मनाने आजारी असलेल्यांची कैवारी ठरली, आणि दूरदूरचे लोक आपल्या आप्तांना घेऊन गीलला येऊ लागले.

त्या काळी मनाचा आजार आणि बुद्धीची मंद वाढ यांतील भेद कोणाला नीट ठाऊक नव्हता. कोणाला भास होत, कोणी रात्रंदिवस बडबडत असे, तर कोणी केवळ शांत, भोळा आणि समजेस मंद असे. सारेच एका वाटेने गीलला येत. चर्चला लागून त्यांच्यासाठी खोल्या बांधल्या होत्या. नऊ दिवसांचे अनुष्ठान असे. यात्रेकरूने चर्चला प्रदक्षिणा घालायच्या, संतेच्या समाधीखालून वाकून जायचे, प्रार्थना करायची. नऊ दिवसांनी काही जण घरी परतत. पण ज्यांच्यात पालट पडत नसे, ते पुन्हा एकदा अनुष्ठान करावे म्हणून थांबत. खोल्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेण्यास प्रारंभ केला. आठवड्याचे महिने झाले, महिन्यांची वर्षे झाली. जन्मतः मंद असलेल्या बुद्धीला कोणत्याही अनुष्ठानाने पालट पडणे शक्य नव्हते. अशी माणसे तर तेथेच राहिली, तेथेच म्हातारी झाली.

अशा रीतीने सुमारे सातशे वर्षांपूर्वी या प्रथेला सुरुवात झाली. गीलचे लोक या माणसांना वेडा किंवा रोगी म्हणत नाहीत. त्यांच्या भाषेत यांच्यासाठी जो जुना शब्द आहे, त्याचा अर्थ ‘पैसे देऊन आपल्या घरी जेवणारा’ इतकाच आहे. मराठीत त्याला पाहुणा म्हणणेच बरे. मात्र हा पाहुणा दोन दिवसांनी जाणारा नव्हे.

पाहुण्याला घरात स्वतःची खोली असते. तो घरच्यांच्याच मेजावर, घरच्यांच्याच बरोबर जेवतो. पूर्वी गीलमध्ये जवळजवळ सर्व घरी शेती होती. तेव्हा पाहुणा गाईंना चारा घाली, बटाटे काढू लागे, सरपण आणी. पाहुणी स्त्री असली तर भाजी चिरणे, कपडे वाळत घालणे, पाळणा हलवणे ही कामे ती करी. शेतीत अशी पुष्कळ कामे असतात की ज्यांना अक्षरओळख लागत नाही, घाई लागत नाही. ती रोज त्याच रीतीने करायची असतात. ज्याला रोजचा ठरलेला क्रम बदललेला खपत नाही, त्याला गोठ्यातील काम फार मानवते, कारण गाईलाही तेच हवे असते. कोणाला काहीच काम जमत नसे; तो चुलीजवळ बसून राही. त्यालाही जेवण तितकेच मिळे.

पाहुणा घरी घेण्याबद्दल त्या कुटुंबास काही रक्कम मिळते. ती मोठी नसते, पण रेताड जमिनीवर राबणाऱ्या गरीब शेतकऱ्याला पूर्वी तिचा आधार वाटे, हे लपवण्यात अर्थ नाही. दयेबरोबर गरजही होती. तसेच सारीच घरे चांगली होती असेही नाही. काही ठिकाणी पाहुण्याकडून गड्यासारखे काम करून घेत. पळून जाणाऱ्यांच्या पायांत लोखंडी बेड्याही घालीत. म्हणून 1850 साली बेल्जियमच्या सरकारने कायदा करून या व्यवस्थेवर देखरेख आणली. 1862 साली गीलमध्ये एक रुग्णालय सुरू झाले. नवा आलेला माणूस प्रथम तेथे राही. त्याचा स्वभाव पाहून मग त्याला योग्य घर शोधीत. पुढे गावाच्या वेगवेगळ्या भागांत स्नानगृहे बांधली गेली. पाहुण्यांनी ठरलेल्या दिवशी तेथे जाऊन स्नान करायचे असा नियम होता. वरवर पाहता हा स्वच्छतेचा नियम. पण स्नानाच्या वेळी परिचारिका प्रत्येकाचे अंग न्याहाळीत. कोणी वाळला आहे काय, कोणाच्या अंगावर वळ आहे काय, हे त्यांच्या नजरेतून सुटत नसे.

या गावाची कीर्ती दूरवर पसरली होती. विख्यात चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग याचे वर्तन त्याच्या वडिलांना विचित्र वाटू लागले, तेव्हा 1880 च्या सुमारास त्याला गीलला पाठवण्याचा त्यांचा विचार होता. मुलाने तो मानला नाही. 1938 साली तर गीलमध्ये 3,736 पाहुणे होते. त्यापूर्वी किंवा त्यानंतर इतके कधीच नव्हते. तेव्हा गावातील पुष्कळ घरी एखादा पाहुणा असे.

परंतु गीलचे खरे वैशिष्ट्य या आकड्यांत नाही. ते समजण्यास एक लहानशी हकिकत पुरेशी आहे. 1970 नंतरच्या दशकात एलन बॅक्स्टर नावाची एक अमेरिकन तरुणी तेथील जीवन पाहण्यासाठी गीलला जाऊन राहिली. एका घरी तिला एक पाहुणा दिसला. तो दिवसभर आपल्या शर्टाची बटणे पिळत बसे आणि पिळून पिळून ती तोडून टाकी. घरची बाई रोज रात्री सुईदोरा घेऊन ती सारी बटणे पुन्हा शिवी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रकार. एलनला वाटले, हा व्यर्थ श्रम आहे. तिने त्या बाईला एक तोड सुचवली : मासे पकडण्याच्या गळाला जी चिवट दोरी लावतात, तिने बटणे शिवावी, म्हणजे ती तुटणारच नाहीत. ती युक्ती त्या बाईला मुळीच पसंत पडली नाही. याला बटणे पिळून तोडण्याची गरज आहे, त्याने याच्या जिवाला बरे वाटते, असे तिचे म्हणणे होते. त्या रात्रीही तिने नेहमीप्रमाणे सुई हाती घेतली असेल. एलन बॅक्स्टर पुढे न्यूयॉर्कला परतली आणि ज्यांना राहण्यास घर नाही अशा लोकांसाठी घरे उभारण्याच्या कामास तिने वाहून घेतले.

बटणे शिवणाऱ्या त्या बाईने हे कोणत्या ग्रंथातून शिकले? गीलमध्ये पाहुणा घरी येतो तेव्हा त्याच्या व्याधीचे वैद्यकीय नाव पूर्वापार यजमानांना सांगत नाहीत. त्याला काय आवडते, कशाची भीती वाटते, कोणते औषध केव्हा द्यायचे, एवढेच सांगतात. नाव कळले की माणूस बाजूला राहतो आणि नावाकडेच लक्ष जाते. यजमानीण मग स्वतःच्या डोळ्यांनी त्याला पाहते आणि त्याच्याशी कसे वागावे ते ठरवते. तिला ते अवघड वाटत नाही, कारण ती स्वतः लहान असताना तिच्या आईच्या घरी पाहुणे होते. गीलमधील कित्येक मुलांना रांगत्या वयात ज्यांनी कडेवर घेतले, बाबागाडीतून फिरवले, ते असे पाहुणेच होते. जो माणूस आपल्याशी तासन्‌तास खेळतो, त्याला वीसपर्यंत अंक मोजता येत नाहीत हे त्या मुलांना पुढे शाळेत गेल्यावर कळते. तोवर तो त्यांचा मित्र झालेला असतो.

गावातही हीच रीत. रस्त्यात कोणी स्वतःशी मोठ्याने बोलत चालला असेल तर लोक थांबून पाहत नाहीत. कोणी वाट चुकला तर तो कोणाच्या घरचा आहे हे सहसा कोणालातरी ठाऊक असते. परिचारिका वरचेवर घरी येऊन जाते. पाहुण्याची प्रकृती बिघडली किंवा यजमान थकले, तर काही दिवस रुग्णालयात त्याची सोय होते आणि मग तो आपल्या घरी परत येतो. पूर्वी शेतीत जाणारा त्याचा दिवस आता वेगळ्या रीतीने जातो. पुष्कळ जण दिवसा एका केंद्रात जाऊन चित्रे काढतात, लाकूडकाम करतात किंवा स्वयंपाक शिकतात.

1938 नंतर मात्र पाहुण्यांची संख्या उतरत गेली. शेते कमी झाली, घरे लहान झाली, स्त्रिया नोकरीसाठी बाहेर पडू लागल्या. दिवसभर घरी थांबणारे माणूस उरले नाही. दुसरीकडे नवी औषधे निघाली, आणि मदतनीस दिला असता स्वतंत्र घरात राहू शकतील अशांसाठी इतर सोयी झाल्या. आता गीलमध्ये पूर्वीच्या मानाने फारच थोडे पाहुणे उरले आहेत, आणि त्यांतले बहुतेक वयस्क आहेत. नवी कुटुंबे पुढे यावी म्हणून तेथील संस्थेला खटपट करावी लागते. 2023 साली युनेस्कोने या परंपरेची नोंद सांस्कृतिक वारसा जपण्याच्या उत्तम पद्धतींमध्ये केली, तेव्हा गीलचे नाव पुन्हा एकदा जगभर झाले; पण नाव होणे वेगळे आणि घराचे दार उघडणे वेगळे, हे गीलकरांइतके कोणाला ठाऊक असणार!

एका घरी चाळीस-पन्नास वर्षे राहिलेले पाहुणे गीलमध्ये दुर्मिळ नाहीत. इतक्या वर्षांत यजमान आणि यजमानीणही वृद्ध होतात, आणि ज्या प्रश्नाने पाहुण्याच्या आईबापांची झोप उडवली होती, तोच प्रश्न त्यांच्याही दारी येऊन उभा राहतो. अशा वेळी बहुधा त्यांचा मुलगा किंवा मुलगी पाहुण्याला आपल्या घरी नेते. लहानपणी ज्याने तिला बाबागाडीतून फिरवले, त्याचे कपडे ती पेटीत भरते, त्याची नेहमीची खुर्ची गाडीत चढवते, आणि आपल्या घरातील एक खोली त्याच्यासाठी लावून ठेवते.